घोटभर पाणी : रुग्ण आणि शुश्रूषक यांच्या नात्याचा इतिहास

काही वर्षांपूर्वी मुंबईतील एका रुग्णालयात आमच्या पोटावर शस्त्रक्रिया झाली. भूल उतरू लागली तेव्हा पहिली जाणीव झाली ती वेदनेची नव्हे, तहानेची. जीभ टाळूला चिकटली होती, ओठ सुकून पापुद्र्यासारखे झाले होते. रात्रपाळीच्या परिचारिकेला आम्ही विनवले, "सिस्टर, घोटभर पाणी द्या." उत्तर आले, "आता नाही. डॉक्टरांनी मनाई केली आहे." थोड्या वेळाने पुन्हा मागितले, पुन्हा तेच उत्तर मिळाले. तिसऱ्या खेपेस तिने मान हलवली. चौथ्या खेपेस ती न थांबताच पुढच्या खाटेकडे निघून गेली. त्यावर आमच्या तोंडून जे शब्द बाहेर पडले, ते येथे लिहिण्याजोगे नाहीत. घरी चारचौघांत सौम्य म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाच्या मनात एवढे विष कोठे दडले होते, हे कोडे आम्हांला आजही पुरते उलगडलेले नाही.

सकाळी कळले, की त्या रात्री बत्तीस खाटांमागे ती एकटी होती. आमच्याशेजारच्या कक्षात एका वृद्धाचा श्वास अडकला होता, आणि आमच्याकडे पाठ फिरवून ती धावली होती ती त्याच्याकडे. पाणी नाकारण्याचे कारणही नंतर एका तरुण डॉक्टरांनी समजावून सांगितले. भुलेचा अंमल पुरता उतरलेला नसताना पोटात पाणी गेले तर उलटी होते आणि ती श्वासनलिकेत शिरण्याचा धोका असतो. हे स्पष्टीकरण अवघ्या दोन वाक्यांचे होते. ती दोन वाक्ये आदल्या संध्याकाळी कोणी आमच्या कानी घातली असती, तर ती रात्र वेगळी गेली असती.

बरे होऊन घरी आल्यावर आम्ही या विषयाचा इतिहास चाळू लागलो. शल्यवैद्याच्या सुरीनंतरचे दिवस रुग्णाला आणि त्याची सेवा करणाऱ्याला एकमेकांचे वैरी का करतात? हे भांडण आजच्या धकाधकीच्या युगाचे, पैशाच्या हव्यासाचे, की मनुष्यस्वभावाइतकेच जुने? आमच्या हाती जे लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

हाकलून दिलेला रुग्ण

रोम शहरात 'असाध्य रोग्यांचे' सान जाकोमो नावाचे एक रुग्णालय होते. चौदाव्या शतकात स्थापन झालेली ही वास्तू २००८ सालापर्यंत रुग्णालय म्हणून चालू होती. १५७१ साली तेथे एकवीस वर्षांचा एक धिप्पाड सैनिक आला. त्याच्या पायाला एक जखम झाली होती आणि ती काही केल्या भरत नव्हती. त्या काळी जखमा, गळवे, अस्थिभंग आणि अवयव कापणे हे सारे शल्यवैद्यांचे क्षेत्र होते. या तरुणाजवळ उपचारासाठी पैसे नव्हते. म्हणून उपचाराच्या बदल्यात त्याने रुग्णालयातच नोकराचे काम पत्करले. अशा रीतीने एकाच वेळी तो रुग्णही होता आणि सेवकही.

दोन्ही भूमिकांत तो अपयशी ठरला. जुगाराचे त्याला विलक्षण वेड होते. स्वभाव तापट होता. इतर नोकरांशी त्याची रोज भांडणे होत. काही महिन्यांतच व्यवस्थापनाने त्याला बाहेरचा रस्ता दाखवला. रुग्णालयाच्या दृष्टीने पाहिले तर तो एक त्रासदायक रोगी होता आणि तो गेल्यावर सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल.

या तरुणाचे नाव कमिलस द लेलिस. त्याचा जन्म १५५० साली इटलीच्या अब्रुत्सी प्रांतातील बुक्कियानिको या गावी झाला होता. रोम सोडल्यावर तो व्हेनिसच्या सैन्यात तुर्कांविरुद्ध लढला. १५७४ साली नेपल्समध्ये जुगारात होते-नव्हते ते सारे हरला आणि मान्फ्रेदोनिया येथे कापुचिन मठाच्या बांधकामावर मजूर म्हणून राबू लागला. २ फेब्रुवारी १५७५ या दिवशी त्याचे हृदयपरिवर्तन झाले. मठात प्रवेश मिळाला, पण ती जुनी जखम पुन्हा उघडली आणि त्याला मठ सोडावा लागला. अखेर ज्या दारातून त्याला घालवून दिले होते, त्याच सान जाकोमोच्या दारात तो पुन्हा उभा राहिला.

या खेपेस तो तेथे टिकला. पुढे तर त्या रुग्णालयाचा कारभारीच झाला. खाटेवरून जे दिसले होते, तेच आता कारभाऱ्याच्या आसनावरून त्याला वेगळ्या कोनातून दिसू लागले. रोजंदारीवर ठेवलेले नोकर मन लावून काम करीत नसत. रुग्ण हाका मारीत पडून राहत. मरणासन्न माणसाच्या उशाशी कोणी नसे. कमिलसने दंड करून पाहिला, दरडावून पाहिले. त्याच्या लक्षात आले, की भीतीने हात हलतात, पण त्यांना माया येत नाही. १५८२ च्या ऑगस्ट महिन्यात त्याच्या मनात विचार आला : वेतनासाठी नव्हे तर परमेश्वराच्या प्रेमाखातर रुग्णसेवा करणाऱ्यांचा एक संघ का उभारू नये?

१५८४ साली कमिलस धर्मगुरू झाले. १५८६ साली पोप पाचवे सिक्स्तस यांनी त्यांच्या संघाला मान्यता दिली आणि काळ्या झग्यावर तांबडा क्रूस धारण करण्याची अनुमती दिली. १५९१ साली पोप चौदावे ग्रेगरी यांनी त्याला व्रतस्थ संस्थेचा दर्जा दिला. या संस्थेच्या सदस्यांनी तीन नेहमीच्या व्रतांबरोबर चौथे व्रत घेतले : जिवावर बेतले तरी रुग्णांची सेवा सोडणार नाही. कमिलस यांनी आपल्या बांधवांसाठी रुग्णसेवेचे नियम लिहून काढले. त्यांचा गाभा असा, की एकुलता एक मुलगा आजारी पडला असता आई ज्या मायेने त्याचे करते, त्या मायेने रुग्णाचे करावे. रुग्णांना ते आपले स्वामी, आपले धनी मानीत.

आम्हांला या चरित्रातील एक गोष्ट फार मोलाची वाटते. कमिलस हे मुळात आदर्श रुग्ण नव्हते. ते किरकिरे, भांडखोर, हाकलून दिलेले रुग्ण होते. म्हणूनच पुढे एखादा रुग्ण त्यांच्यावर ओरडला, तेव्हा त्या ओरडण्यामागे काय असते हे त्यांना ठाऊक होते. ती जखम चाळीस वर्षांहून अधिक काळ, १४ जुलै १६१४ रोजी ते निवर्तले तोपर्यंत त्यांच्या पायाशी राहिली. सेवक झाल्यावरही त्यांचे रुग्णपण कधी संपले नाही.

मात्र याच चरित्रात दुसरी बाजूही आहे आणि ती सहसा सांगितली जात नाही. रुग्णालयातील सारीच कामे, अगदी झाडलोटीपासून रात्रीच्या पहाऱ्यापर्यंत, आपल्या बांधवांनी उचलावीत असा कमिलस यांचा आग्रह होता. सहकाऱ्यांपैकी अनेकांना हा भार पेलण्यापलीकडचा वाटला. संस्थेत मतभेद झाले. १६०७ साली कमिलस यांनी प्रमुखपद सोडले आणि ते पुन्हा साधे सेवक झाले. संताच्या घरातही शुश्रूषकाच्या शक्तीला मर्यादा होती, हा या घटनेचा बोध आहे. प्रेम अमर्याद असू शकते, पण त्या प्रेमाला हात दोनच असतात.

गोव्यातील दोन साक्षीदार

कमिलस हयात असतानाच, १६०८ साली, गोव्याच्या राजकीय रुग्णालयात एक फ्रेंच रुग्ण दाखल झाला. त्याचे नाव फ्रांस्वा पिरार. मालदीव बेटांजवळ त्याचे जहाज फुटले होते आणि अनेक वर्षांच्या हालअपेष्टा सोसून तो गोव्यास पोहोचला होता. आफोन्सो द आल्बुकेर्क याच्या काळापासून चालत आलेले हे रुग्णालय तेव्हा येशूसंघीय धर्मगुरूंच्या देखरेखीखाली होते. पिरारने मायदेशी परतल्यावर जे प्रवासवर्णन लिहिले, त्यात या रुग्णालयाची मुक्तकंठाने स्तुती केली आहे. स्वच्छ खाटा, कापसाच्या गाद्या, धुतलेली वस्त्रे, चिनी मातीची भांडी, पोटभर सकस अन्न, वैद्य आणि शल्यवैद्य यांच्या नियमित फेऱ्या हे सारे पाहून तो थक्क झाला. जगात याहून चांगले रुग्णालय नसेल असे त्याचे मत झाले.

एक गोष्ट येथे नमूद करावयास हवी. हे वैभव युरोपीय सैनिकांसाठी होते. गोमंतकातील गोरगरिबांना त्या खाटा नव्हत्या.

यानंतर सुमारे तीसचाळीस वर्षांनी दुसरा फ्रेंच प्रवासी गोव्यास आला. हा होता हिऱ्यांचा व्यापारी झाँ-बाप्तिस्त ताव्हर्निये. १६४१ आणि १६४८ साली त्याने गोवा पाहिला. त्याच्या प्रवासवर्णनातही त्याच रुग्णालयाचा उल्लेख आहे, पण चित्र पार बदललेले आहे. पूर्वी या रुग्णालयाची साऱ्या हिंदुस्थानात ख्याती होती, परंतु कारभारी बदलल्यापासून रुग्णांचे हाल होऊ लागले, असे तो सांगतो. रक्त काढणे हा तेव्हाच्या शल्यवैद्यांचा नेहमीचा उपाय होता आणि तेथे एकेका रुग्णाचे रक्त कितीदा तरी काढले जाई. असे रुग्ण तहानेने व्याकूळ होऊन पाणी मागत. चाकर त्यांना थेंबही देत नसत. हातावर पैसा ठेवला तर मात्र गुपचूप देत. आणि या दुष्टपणावर पांघरूण घालण्यासाठी ते सांगत, की वैद्याची मनाई आहे.

हा मजकूर वाचला तेव्हा आमच्या अंगावर काटा आला. "डॉक्टरांनी मनाई केली आहे" हे आमच्या कानांवर पडलेले वाक्य सुमारे पावणेचारशे वर्षांपूर्वी गोव्यात उच्चारले गेले होते! तेथे ते लबाडीचे होते, येथे ते सत्य आणि आमच्या हिताचे होते. पण खाटेवर पडलेल्या माणसाला हा फरक कसा कळावा? नकार देणारा चेहरा तोच, शब्द तेच, कोरडे ओठही तेच. आमच्या मते या दोघांमधील साऱ्या तणावाचे बीज येथे आहे. काळजीपोटी दिलेला नकार आणि बेपर्वाईने दिलेला नकार रुग्णाला सारखाच ऐकू येतो.

ताव्हर्नियेच्या साक्षीत एक त्रुटी आहे, तीही सांगणे न्यायाचे होईल. त्या चाकरांच्या लोभाचे खापर तो त्यांच्या काळ्या किंवा मिश्र वंशावर फोडतो. हा त्याच्या काळातील गोऱ्या माणसाचा अहंकार झाला. त्या चाकरांना वेतन किती मिळे, एकेकाच्या वाट्याला रुग्ण किती येत, हे त्याने विचारलेले दिसत नाही. त्याच काळात डचांनी गोव्याचा समुद्रमार्ग रोखून धरला होता आणि पोर्तुगिजांच्या वैभवाला ओहोटी लागली होती. पिरारच्या आणि ताव्हर्नियेच्या भेटींमध्ये माणसांचा वंश बदलला नव्हता, बदलली होती ती व्यवस्था. रुग्णाची कैफियत लिहिली गेली, चाकराची लिहिली गेली नाही. इतिहासात असे वारंवार घडते.

दयेचा अतिरेक

यावर कोणी म्हणेल, की सेवक दयाळू असले म्हणजे भांडण मिटेल. पॅरिसचा इतिहास सांगतो, की तेवढ्यानेही ते मिटत नाही.

पॅरिसच्या नोत्र-दाम महामंदिरासमोर ओतेल-द्यू म्हणजे 'देवाचे घर' नावाचे पुरातन रुग्णालय आहे. तेथे संत ऑगस्टीन यांच्या नियमाने चालणाऱ्या धर्मभगिनी शतकानुशतके रुग्णसेवा करीत. दारात येईल त्याला आत घ्यावयाचे, हा तेथला धर्म होता. त्यामुळे गर्दी अनावर झाली होती. शल्यवैद्य झाक तनाँ यांनी १७८८ साली पॅरिसच्या रुग्णालयांविषयी सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला, त्यातील वर्णन वाचवत नाही. एकेका मोठ्या खाटेवर चार-चार, कधी सहा-सहा रुग्ण निजत. शस्त्रक्रिया त्याच दालनात होत असे. ज्याची पाळी उद्या आहे तो आजच्याच्या किंकाळ्या ऐके, आणि ज्याची काल झाली तो आपली वेदना पुन्हा भोगे. भूल देण्याची विद्या तेव्हा अवगत नव्हती. ईथरच्या भुलेचा जाहीर प्रयोग बॉस्टन येथे १६ ऑक्टोबर १८४६ रोजी व्हावयाचा होता.

याच रुग्णालयात पिएर-जोसेफ देसो नावाचे एक थोर शल्यवैद्य होते. जखमेची निगा, अस्थिभंग बांधण्याची पद्धत, खाटेशेजारी उभे राहून विद्यार्थ्यांना शिकवणे, या बाबतींत त्यांनी नवे युग आणले. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाने काय खावे, किती खावे, हे वैद्याने ठरवावे असा त्यांचा आग्रह होता. धर्मभगिनींची परंपरा निराळी होती. त्यांच्या दृष्टीने दारी आलेला गरीब हा प्रत्यक्ष ख्रिस्त होता, आणि ख्रिस्ताला उपाशी कसे ठेवावे? म्हणून त्या आपल्या मनाप्रमाणे अन्न वाढीत. वैद्य म्हणत, हे अन्न रुग्णाला मारते आहे. भगिनी म्हणत, हे वैद्य गरिबांना उपाशी मारीत आहेत. १७८७ साली व्यवस्थापनाने नवे नियम करून वैद्यांच्या हाती अधिक सत्ता दिली, तेव्हा भगिनींनी त्यास कडवा विरोध केला. स्त्रीव्रतस्थांच्या दालनांतून तरुण विद्यार्थ्यांचे घोळके फिरतात, रुग्णांच्या शांततेचा भंग होतो, अशीही त्यांची तक्रार होती.

येथे बरोबर कोण होते? शस्त्रक्रियेनंतरच्या आहाराविषयी वैद्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते, हे मान्य केले पाहिजे. ख्रिस्तसभेच्या लेकी म्हणून भगिनींची बाजू आम्ही डोळे झाकून घेणार नाही. पण भगिनींनी एक प्रश्न विचारला होता आणि त्याचे उत्तर नव्या शास्त्राने लगेच दिले नाही. ज्याच्या खाटेभोवती वीस विद्यार्थी उभे आहेत तो माणूस आहे, की धडा? या दोहोंच्या ओढाताणीत खुद्द त्या रुग्णाला मात्र कोणी काही विचारले नाही. पाणी न देणे हा गोव्यातला अपराध होता. पॅरिसमध्ये नको तेव्हा अन्न देणे हा अपराध ठरला. दया हवी, पण आंधळी दया नव्हे. शास्त्र हवे, पण मुके शास्त्र नव्हे.

खाटेवरून लिहिलेले पुस्तक

मुक्या शास्त्राला बोलते करण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव अग्रभागी आहे. त्या कॅथलिक नव्हत्या, पण शुश्रूषेचे धडे घेण्यासाठी १८५३ साली पॅरिसमध्ये संत विन्सेंट द पॉल यांच्या परंपरेतील धर्मभगिनींकडे गेल्या होत्या. तेथे त्यांना गोवर झाला आणि शिकावयास आलेली ही पाहुणी स्वतःच रुग्ण होऊन बसली. त्याच वर्षी लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरील आजारी स्त्रियांच्या एका संस्थेची सूत्रे त्यांनी हाती घेतली. संस्थेच्या समितीला कॅथलिक रुग्ण नको होते. सर्व धर्मांच्या स्त्रियांना प्रवेश मिळणार नसेल तर आपण ही जागा स्वीकारणार नाही, असे नाइटिंगेल यांनी ठणकावून सांगितले आणि समितीला नमते घ्यावे लागले. कोणत्या रुग्णाने घंटा वाजवली हे परिचारिकेला लगेच दिसावे, अशी सोय तेथे करावी हाही त्यांचा आग्रह होता. आज प्रत्येक खाटेशी असलेले ते बटण आपण दाबतो, त्यामागे हाच विचार आहे : हाक मारणाऱ्याला कळले पाहिजे, की आपली हाक पोहोचली.

१८५४ च्या नोव्हेंबरमध्ये त्या अडतीस शुश्रूषिकांसह स्कुटारी येथे क्रिमियन युद्धातील जखमी सैनिकांच्या सेवेस पोहोचल्या. त्या अडतीस जणींत दहा कॅथलिक धर्मभगिनी होत्या. पुढल्या वर्षी नाइटिंगेल स्वतः तापाने मरणाच्या दारी जाऊन आल्या. १८५७ नंतर तर त्यांची अनेक वर्षे बव्हंशी अंथरुणावरच गेली. शुश्रूषेविषयीचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक १८५९ सालचे आहे. म्हणजे ते एका रुग्णाने लिहिलेले शुश्रूषेचे पुस्तक आहे. त्यातील बारकावे याची साक्ष देतात. दाराशी उभे राहून डॉक्टरांशी कुजबुजू नका, रुग्ण प्रत्येक शब्द कान टवकारून ऐकत असतो. त्याच्या खाटेला टेकू नका, धक्का देऊ नका. त्याच्या पाठीमागून बोलू नका. पहिल्या झोपेतून त्याला उठवू नका. उगाच पोकळ धीर देऊ नका. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याला अनिश्चिततेत ठेवू नका, कारण वाट पाहणे आणि पुढे काय होणार हे न कळणे यांनी रुग्ण जितका खंगतो तितका श्रमानेही खंगत नाही.

यातील बहुतेक सूचना पाळण्यास पैसा लागत नाही. पण पुरेसे हात मात्र लागतात. बत्तीस खाटांमागे एक जीव असेल तर कोणत्याही पुस्तकातले शहाणपण मध्यरात्रीपर्यंत टिकत नाही.

पोप महोदयांचे गाऱ्हाणे

हे सारे जुन्या काळचे झाले असे वाटत असेल, तर आपल्या सर्वांच्या स्मरणातील एक उदाहरण सांगतो. १३ मे १९८१ रोजी संत पेत्राच्या चौकात पोप दुसरे जॉन पॉल यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. रोमच्या जेमेल्ली रुग्णालयात पाच तासांहून अधिक काळ शस्त्रक्रिया चालली आणि त्यांचे प्राण वाचले. आतड्याला विश्रांती मिळावी म्हणून शल्यवैद्यांनी पोटावर एक तात्पुरता मार्ग काढला होता. ३ जूनला पोप महोदय घरी गेले, पण तापामुळे २० जूनला त्यांना पुन्हा रुग्णालयात यावे लागले. रक्तातून शिरलेल्या एका विषाणूचा तो प्रताप होता.

त्यानंतर प्रश्न आला तो दुसऱ्या शस्त्रक्रियेचा. तो तात्पुरता मार्ग बंद करण्यास डॉक्टरांना आणखी काही काळ थांबावयाचे होते. पोप महोदयांना ते मान्य नव्हते. पूर्ण बरे झाल्याशिवाय आपण रुग्णालय सोडणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. त्या वेळी त्यांनी डॉक्टरांपुढे मांडलेला विचार लक्षात ठेवण्याजोगा आहे : आजारी माणसाचे रूपांतर हळूहळू उपचाराच्या वस्तूत होते, आणि आपल्या आजाराचा कर्ता पुन्हा आपणच व्हावे यासाठी त्याला झगडावे लागते. डॉक्टरांनी त्यांचे ऐकले. ५ ऑगस्टला शस्त्रक्रिया झाली आणि १४ ऑगस्टला, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयन सणाच्या आदल्या दिवशी, ते घरी परतले.

जगातील कोट्यवधी लोकांचे धर्मप्रमुख, उत्तमोत्तम वैद्य हाताशी, तरीही त्यांना आपण वस्तू झाल्याची जाणीव व्हावी! मग साध्या धर्मग्रामातून तालुक्याच्या रुग्णालयात गेलेल्या आपल्या शेतकऱ्याचे, मच्छीमाराचे काय होत असेल? पुढे ११ फेब्रुवारी १९८४ रोजी पोप महोदयांनी मानवी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर एक पत्र लिहिले आणि त्यात दयाळू शोमरोन्याच्या दाखल्याचे विस्ताराने विवेचन केले. जखमी माणसापाशी थांबणे हे त्याचे पहिले लक्षण, असे ते सांगतात. १९९३ पासून दरवर्षी ११ फेब्रुवारीस पाळला जाणारा जागतिक रुग्ण दिन हीदेखील त्यांचीच देणगी. खाटेवरच्या त्या तीन महिन्यांची सावली या दोन्ही गोष्टींवर पडली आहे, असे आम्हांला वाटते.

आपली दुहेरी जबाबदारी

आपल्या समाजाचे या प्रश्नाशी विशेष नाते आहे. वसईपासून गोव्यापर्यंत ख्रिस्ती घरांतील कितीतरी मुली पांढरा गणवेश घालून मुंबईच्या, आखाताच्या, युरोपच्या रुग्णालयांत राबत आल्या आहेत. आपल्या भाषेत परिचारिकेला 'सिस्टर' म्हणतात, मग ती कोणत्याही धर्माची असो. रुग्णाच्या खाटेशी पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या धर्मभगिनींची ती आठवण आहे. त्याच घरांतून रुग्णही निघतात. म्हणजे या भांडणाच्या दोन्ही बाजूंना आपलीच माणसे आहेत. रात्री एखादी लेक रडत घरी येते, की नातेवाइकांनी तिला शिवीगाळ केली. त्याच आठवड्यात शेजारचा बाप सांगतो, की टाके पडल्यावर दोन दिवस कोणी धड बोललेसुद्धा नाही. आपण लेकीची बाजू घेतो तेव्हा बापाला विसरतो, बापाची घेतो तेव्हा लेकीला.

कायद्याने या दोन्ही बाजूंना हत्यार दिले आहे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत असल्याचा निर्वाळा दिला. २०१० साली महाराष्ट्र राज्याने वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवर होणाऱ्या हिंसाचाराविरुद्ध कायदा केला. दोन्ही गोष्टी गरजेच्या होत्या, यात शंका नाही. पण एकमेकांपासून रक्षण करण्यासाठी रुग्णाला एक आणि शुश्रूषकाला दुसरा कायदा लागावा, यावरून हे नाते किती ताणले गेले आहे ते दिसते. न्यायालय नुकसानभरपाई देऊ शकते, विश्वास देऊ शकत नाही.

इतिहासातून आम्हांला जे उमगले ते थोडक्यात असे. रुग्णाचा राग हा बहुधा त्याच्या असहायतेचा आवाज असतो, आणि शुश्रूषकाचा कोरडेपणा हा बहुधा त्याच्या थकव्याचा. कमिलस यांच्या काळात, ताव्हर्नियेच्या गोव्यात, तनाँच्या पॅरिसमध्ये, सर्वत्र हेच दिसते. नकार द्यावाच लागतो, पण नकाराचे कारण सांगता येते आणि शक्यतो आधी सांगता येते. कारण कळलेली तहान सोसवते, न कळलेली तहान माणसाला पशू करते. आणि जेथे एका जिवावर बत्तीस खाटा टाकल्या जातात, तेथे त्या जिवाला बोल लावण्याआधी ती वाटणी ज्यांनी केली त्यांना जाब विचारला पाहिजे. आपल्या संस्थांच्या रुग्णालयांनीही हा प्रश्न स्वतःला विचारावा. सेवाभावाच्या नावाखाली माणसे कमी ठेवणे ही सेवा नव्हे.

रुग्णालयातून निघण्याच्या दिवशी आम्ही त्या सिस्टरची चौकशी केली. ती दिवसपाळीस नव्हती. आम्ही एक चिठ्ठी लिहून ठेवली आणि क्षमा मागितली. महिन्याभराने टाक्यांच्या तपासणीस गेलो तेव्हा ती समोरून आली. आम्हांला वाटले, तिला आठवणार नाही. तिने ओळखले. हसून म्हणाली, "काका, त्या रात्री मी तुम्हाला नीट सांगायला हवं होतं. आदल्या रात्रीपासून मी घरी गेले नव्हते."

चूक आमची होती आणि क्षमा तीही मागत होती. आम्ही काही बोलू शकलो नाही. मार्गिकेच्या कोपऱ्यात पाण्याचे पिंप होते. तिने पेला भरला आणि आमच्या हाती दिला. आम्हांला तहान नव्हती, तरी आम्ही ते पाणी प्यालो.